गावातलं बंद घर, ओस जागा, रिकामी शाळा : तात्पुरत्या सार्वजनिक वापरासाठी घेताना

कातळवाट

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीत दहा-बारा घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. पट शून्यावर आल्यामुळे बंद झालेली शाळा असते, कुणी न कसलेलं परडं असतं. त्याच वाडीत मुलांना अभ्यासाला शांत खोली मिळत नाही, बचत गटाला कोकम सुकवायला आणि डबे ठेवायला आडोसा नसतो, नमनाच्या (इथल्या लोकनाट्याच्या) तालमी रस्त्यावर होतात. जागा आहे आणि गरजही आहे, तरी मालक किल्ली देत नाही.

तो का देत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याला कंजूष म्हणून मोकळं होता येत नाही. १९४८ चा कूळकायदा आणि कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली तो १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन इथल्या प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत आहे. कुणाची जमीन गेली, कुणाला मिळाली. "आज वापरायला दिली की उद्या नाव लागेल" ही भीती तिथून आलेली आहे आणि ती पूर्णपणे निराधार नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की असल्या कामात जागा घेण्याआधी ती परत कशी द्यायची ते ठरवावं. परतीची तारीख, परतीची स्थिती आणि परतीची पद्धत कागदावर आली की बहुतेक मालक तयार होतात.

या धाग्यात कागदपत्रं, इमारतीची तपासणी, वीज-पाणी, शेतजमीन, किनाऱ्याचे नियम असं सगळं एका जागी यावं. ज्यांनी ही कामं हाताळली आहेत त्यांनी मापं आणि आकड्यांसकट लिहावं.

कोकणातल्या कुठल्याही करारात आधी एक गोष्ट लिहून टाका : गणपतीच्या दहा दिवस आधीपासून गणपती जाईपर्यंत आणि शिमग्याचे आठ दिवस घर मालकाचं. मे महिन्याबद्दल मालकाला विचारून ठरवा. चाकरमानी घरी येतो तेव्हा त्याच्या ओटीवर दुसऱ्याची बाकं दिसली, की पुढच्या वर्षी किल्ली मिळत नाही.

सातबारा_वाचक

कागदांबद्दल सविस्तर लिहितो.

सर्वात आधी डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात. सोबत ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) बघा. घराचा ग्रामपंचायतीकडचा नमुना ८, म्हणजे करआकारणीचा उतारा, वेगळा घ्या. हा उतारा मालकीचा पुरावा नाही, घरपट्टी कुणाच्या नावे आहे एवढंच तो सांगतो. लोक नेमके इथे फसतात. घरपट्टी धाकट्या भावाच्या नावे असते, तो आनंदाने "वापरा" म्हणतो, आणि सातबारावर चौदा सहहिस्सेदार निघतात. त्यातले तीन वारलेले असतात आणि त्यांची वारसनोंद झालेली नसते.

चौदाच्या चौदा सह्या मिळवणं अवघड आहे, पण अशक्य नाही. ज्यांची प्रत्यक्ष वहिवाट आहे त्यांच्या सह्या करारावर, आणि बाकीच्यांचं एक पानी संमतिपत्र, ओळखपत्राच्या सही केलेल्या प्रतीसह. व्हॉट्सॲपवरच्या "हो, चालेल"वर विसंबू नका. भाऊबंदकीत वाद सुरू असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही चांगली असली तरी. तुमचा वापर हा त्यांच्या दाव्यात एका बाजूचा पुरावा बनतो.

घर किंवा खोली असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार करा. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरच्या वापरहक्कांच्या कायद्याच्या, कलम ५२ नुसार असा परवाना फक्त वापराची मुभा देतो, मिळकतीत कसलाही हक्क देत नाही. मालकाला नेमकं हेच हवं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. वर मालकाला दंड किंवा कैदेची तरतूद आहे. म्हणजे नोंदणी मालकाच्याच फायद्याची. हे त्याला नीट समजावून सांगा, तो स्वतः आग्रह धरेल. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, नगरपरिषद हद्दीत १०००. मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी होते, त्यामुळे मुंबईतल्या मालकाला गावी यावं लागत नाही.

मुदत अकरा महिने ठेवा. नूतनीकरण आपोआप होईल असं लिहू नका, दर वर्षी नवा करार करा. मधल्या महिन्यात मालकाचं स्वतःचं कुलूप लागू द्या.

सही कोण करणार हेही बघा. नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावे करार टिकत नाही. १८६० च्या कायद्याखाली सात सभासदांनी संस्था नोंदवता येते. तेवढं नको असेल तर दोघा-तिघांनी वैयक्तिक नावाने सही करावी आणि जबाबदारीही घ्यावी.

ओटीवरचा_दिवा

सातबारा_वाचक, एक शंका. आमच्या भागात तोंडी बोलीवर वर्षानुवर्षं घरं वापरली जातात. कागद पुढे केला की उलट मालक बिचकतो. त्यावर काय करावं?

सातबारा_वाचक

बिचकतो, कारण त्याला कागद म्हणजे हक्क देणं वाटतं. खरं उलट आहे. खासगी जमिनीवर बारा वर्षांच्या प्रतिकूल (मालकाच्या परवानगीशिवायच्या, उघड) ताब्याचा दावा करता येतो, पण जो माणूस परवानगीने बसला आहे त्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. आणि परवानगी होती हे दाखवायला कागदच लागतो. तोंडी बोली करणारी दोन्ही माणसं गेली की पुढच्या पिढीकडे काहीच उरत नाही. वाटेचंही तसंच. वीस वर्षं हक्काने वापरलेली वाट सुखाधिकार बनू शकते. म्हणून करारात "येण्याजाण्याची वाट मालकाच्या परवानगीने, मुदतीपुरती" हे वाक्य वेगळं घाला. कराराचा मसुदा मालकाला त्याच्याच वकिलाकडून तपासून घ्यायला सांगा. त्यात आठ-पंधरा दिवस जातात, पण बिचकणं तिथेच संपतं.

जांभाचिरा

आता इमारत. पाच-सात वर्षं बंद असलेलं कौलारू घर बाहेरून धड दिसतं. आत जायच्या आधी पुढचं वाचा.

पहिल्या दिवशी दारं-खिडक्या उघडून निघून या, काम दुसऱ्या दिवशी करा. गमबूट आणि जाड हातमोजे हवेतच. कौलांच्या राशी, लाकडाचे ढीग, चुलीमागची जागा इथे फुरसं (विषारी साप) आणि विंचू असतात. काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आधी विचारून ठेवा. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो, वटवाघळांची विष्ठा असते, म्हणून कोरडा झाडू मारायचा नाही. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून, निवळ पाणी शिंपडून, अर्ध्या तासाने ओलं झाडून काढा.

छप्पर भर दुपारी आतून बघा. उजेडाचे ठिपके दिसतात तिथे कौल सरकलंय किंवा फुटलंय. वाशावर काळा ओघळ दिसला तर गळती जुनी आहे. वाशाचं मधलं लाकूड बघून समाधान मानू नका, जिथे वासा भिंतीत शिरतो तिथे तो आधी कुजतो. तिथे पेचकस टोचून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज घुसला तर तो वासा बदलायचाच. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या कुठपर्यंत जातात ते पाहा. आढ्यापर्यंत गेल्या असतील तर सुताराला दाखवल्याशिवाय माणसं बसवू नका.

मंगलोरी कौलांचा हिशेब : चौरस मीटरला साधारण १५ कौलं, एकेक सव्वादोन ते अडीच किलोचं. म्हणजे ६० चौरस मीटर छपराला ९०० कौलं आणि वर दोन टनांच्या आसपास वजन. परतताना, म्हणजे उतरवून पुन्हा बसवताना, पाच ते दहा टक्के फुटतात, तेव्हा ५० ते ९० जादा हवीत. खरेदीला जाताना घरावरचं एक कौल नमुना म्हणून घेऊन जा. वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे वेगळे, नव्या कौलाची खाच जुन्याच्या खाचेत बसत नाही, आणि पहिल्याच वाऱ्या-पावसात पाणी आत येतं. ही चूक फार होते.

भिंत जांभ्याची आणि जोड मातीचा असेल तर वरून सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल अडकते, मातीचा जोड सुटतो आणि दोन पावसाळ्यांत गिलावा चिऱ्यांसकट फुगतो. चुन्याचा हात द्या किंवा तसंच राहू द्या. ओळंबा लावून बघा. दहा फुटांत इंचापेक्षा जास्त कलली असेल तर त्या भिंतीलगत बसायची जागा करू नये, हा आमच्याकडचा आडाखा आहे. जोत्याभोवती माती साचून बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या पातळीला आली असेल तर आधी ती उकरून पाण्याला वाट करून द्या. अर्धी ओल तिथेच थांबते.

मालवणी_खळां

जांभाचिरा, एक सांगतंय. मे म्हयन्यात कौलां परतूक माणूस गावणा नाय. मार्चातच सांगान ठेवा. आनि काढलेली कौलां जमनीर उभी लावन ठेवा. आडवी रचलास तर खालची फुटतत.

तांब्याची_तार

विजेबद्दल.

मीटर काढून नेलेलं असेल तर आधी थकबाकी बघा. ती त्या जागेवर दाखवली जाते आणि ती भरल्याशिवाय नवी जोडणी अडते. कुणी भरायची ते करारात हवं. दोन-तीन महिन्यांचाच वापर असेल तर महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, दर जास्त पडतो.

लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, विशेषतः कापडी वेष्टनाची, कितीही चालू दिसली तरी वापरू नका. मेन स्विचपाशी ती तोडा आणि नवी वायर भिंतीवरून केसिंगमध्ये (प्लास्टिकच्या पट्टीत) न्या. परत देताना ती उतरवता येते आणि भिंत फोडावी लागत नाही. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगला अडीच, पंप किंवा हीटरच्या १६ अँपिअरच्या प्लगला चार. दिव्यांच्या फेऱ्याला ६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसला की तोडणारा). मुलं बसणार असतील तर यात तडजोड नाही.

अर्थिंग हा कोकणातला खरा प्रश्न. कातळावर आणि जांभ्यात जमिनीचा रोध खूप असतो. घराशेजारी दोन फूट पाइप ठोकून अर्थिंग झालं असं समजू नका. अडीच-तीन मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकतो, तेव्हा आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं. कातळ लागला तर खड्डा विहिरीच्या किंवा परड्याच्या ओल्या भागात करून तिथून तांब्याची तार आणा. किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत खाऱ्या हवेने जोड हिरवे पडतात, वर्षातून एकदा उघडून घासा.

जनरेटर लावणार असाल तर चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरतो.

वायंगण

शेतजमिनीचा विषय घरापेक्षा नाजूक आहे, म्हणून आधी इशारा.

कूळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्याला अपवाद आहेत : मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती, रोख किंवा वस्तुरूप मजुरीवरचा नोकर, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर. पण त्याच कलमात स्पष्ट आहे, की मजुरी पिकाच्या वाट्याच्या रूपात नसावी. म्हणून "अर्धेलीने लावा, निम्मा भाजीपाला मालकाला" ही सोपी वाटणारी व्यवस्थाच सर्वात घातक. मालक कोकणाबाहेर असेल तर देखरेखीचा मुद्दाही अडतो. ई-पीक पाहणी (पिकाची ऑनलाइन नोंद) मालकाच्याच नावे व्हायला हवी, बियाण्याच्या पावत्या त्याच्या नावे हव्यात, आणि हे सगळं जमत नसेल तर सातबाऱ्याच्या शेतीला हात न लावता गावठाणातलं परसू किंवा शाळेचं आवार घ्या. सामूहिक भाजीला चार-पाच गुंठे पुरतात.

एका गुंठ्याचा हिशेब देतो, म्हणजे १०१ चौरस मीटर, साधारण दहा बाय दहा. एक मीटर रुंदीचे गादीवाफे, मधे अर्धा मीटर वाट, असे सहा वाफे बसतात. लागवडीला ६० चौरस मीटर मिळतात. शेणखत १५० ते २०० किलो. लाल माठाचं बी २० ते २५ ग्रॅम, वाळूत मिसळून फेका, नाहीतर एकाच जागी पडतं. माठ २५-३० दिवसांत, मुळा ४०-४५ दिवसांत. पाणी रोज ४०० ते ५०० लिटर. हाच आकडा लोक विसरतात. डिसेंबरात विहीर भरलेली दिसते म्हणून पाच गुंठे लावतात, आणि मार्चात रोज दोन-अडीच हजार लिटर कुठून आणायचं हा प्रश्न पडतो. आधी विहिरीचा मार्चचा झरा विचारा, मग वाफे पाडा. भाताचा पेंढा आच्छादन म्हणून अंथरला तर गरज बरीच उतरते. जवळ व्हाळ (ओढा) असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी वाहतं असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोणी माती-वाळूने भरून वनराई बंधारा घाला. गोणी पाऊण भरायच्या. गच्च भरलेल्या एकमेकींत बसत नाहीत आणि फटींतून पाणी जातं. पावसाळ्याआधी बंधारा काढून टाकायचा.

कुंपण लागेल, कारण भात कापल्यावर गुरं मोकळी सोडतात. काट्यांची वई करा किंवा जाळी लावा, पण जिवंत कुंपण लावू नका. शेर किंवा निवडुंग पाच वर्षांत हद्द होऊन बसतो आणि त्यावरून दोन घरांत भांडण लागतं. गडग्याचा (हद्दीच्या दगडी बांधाचा) दगड हलवायचा नाही. फळझाडही लावायचं नाही. कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं अशा नोंदी सातबाऱ्यावर आहेत, त्यात भर नको. उभे आंबे, फणस, माड, काजू यांचं उत्पन्न मालकाचं, हे करारात लिहा. आंबा, फणस, खैर, किंजळ यांसारखी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मालक "तोडा" म्हणाला तरी.

साफसफाईला वणवा लावू नका. वाऱ्याने शेजारची काजूबाग जाते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जानेवारी ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो, गोचिडीपासून होतो. रान काढताना पूर्ण अंग झाका आणि आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं तेल घ्या.

कातळवाट

वायंगण यांनी सड्याबद्दल, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराबद्दल, लिहिलं नाही, ते जोडतो. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात क्रिकेटसाठी सड्याचा तुकडा सपाट करायची पद्धत आहे. मुरूम पसरण्याआधी कातळ झाडून, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट बघा. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच मोकळ्या सड्यांवर आहेत, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेघ किंवा खोदलेला आकार दिसला तर तिथे काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा. एकदा जेसीबी फिरला की ते परत येत नाही.

खाजणकाठ

किनाऱ्यालगतच्या जागांसाठी वेगळे नियम आहेत.

आधी एक गैरसमज. "सरकारी आहे, म्हणजे गावाची आहे" असं नसतं. गुरचरण (गावची चराईची जमीन) ग्रामपंचायतीने ठराव करून कुणाला वापरायला देता येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरचे कब्जे हटवायला सर्व राज्यांना सांगितलं आहे. तिथे एखाद-दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमालाही तहसीलदारांकडे अर्ज करा.

समुद्राच्या बाजूला २०१९ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना बघा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी वस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, त्याहून दाट वस्तीत ५० मीटर. पक्का पाया, काँक्रीटचा ओटा तिथे करू नका. कांदळवनाच्या ५० मीटरच्या आत तर काहीच नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने तो पट्टा संरक्षित आहे, जमीन खासगी असली तरी. खाजणाचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध किंवा उघाडी (भरतीचं पाणी अडवणारं दार) आपल्या सोयीसाठी हलवली तर आतली सगळी शेती खारी होते.

मासळी किंवा कोकम सुकवायला मांडव घालणार असाल तर वाशाचे खांब दोन फूट पुरा, पत्र्याला जे-हुक लावा, वाऱ्याच्या बाजूचे दोन खांब दोरीने खुंट्यांना ताणा. मृग लागला की मांडव उतरवू, असं म्हणू नका. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या १६ मे रोजी आपल्या किनाऱ्यालगतून गेलं, निसर्ग २०२० च्या ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दोन्ही मृगाच्या आधी. करारात १० मे लिहा. उडालेला पत्रा कुणाच्या तरी मानेवर पडतो. खिळे आणि हुक जस्त चढवलेले घ्या, साधं लोखंड तिथे एका हंगामात खाल्लं जातं.

फळा_आणि_खडू

बंद शाळा. इमारत जिल्हा परिषदेची, पण जमीन कुणाची हे तपासा. अनेक शाळा गावकऱ्याने तोंडी दिलेल्या जागेवर आहेत आणि सातबारा अजून त्याच्या आजोबांच्या नावे आहे. बक्षीसपत्र असेल तर त्यात "शाळेसाठीच" अशी अट आहे का ते वाचा. अट असेल तर देणाऱ्याच्या वारसांची संमती आधी घ्या, नाहीतर ते पहिल्याच महिन्यात कुलूप लावतील.

रस्ता असा : ग्रामसभेचा ठराव, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी. सरपंचाच्या तोंडी होकाराला किंमत नाही. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. विषय सूचनेत छापून यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) पंधरा दिवस आधी अर्ज द्या. "आयत्या वेळचा विषय" म्हणून घेतलेला ठराव पुढे आक्षेपात अडकतो. इमारत निर्लेखनाच्या (पाडण्यासाठी बाद ठरवलेल्यांच्या) यादीत आहे का ते पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारा. असेल तर आत पाऊल टाकू नका, तिथे फक्त आवार मागा.

शाळा हे मतदान केंद्र असतं आणि पुरा-वादळात निवाऱ्याची जागाही. दोन्ही वेळा २४ तासांत मोकळी करून देऊ असं स्वतःहून लिहून द्या. त्यामुळे अर्ज लवकर पुढे सरकतो.

वर्गखोली २० बाय १८ फुटांची असेल तर अभ्यासिकेला माणशी २५ चौरस फूट धरून चौदा जण. वीस बसवले की टेबलं दाराशी येतात. दार बाहेर उघडणारं करा.

ओटीवरचा_दिवा

गणपतीच्या शाळेबद्दल, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेबद्दल, कुणी लिहिलं नाही. जून ते चतुर्थी बंद घराची पडवी मूर्तिकाराला दिली जाते, आणि हा आपल्याकडचा सर्वात जुना तात्पुरता वापर असेल. पण कातळवाट यांची गणपतीआधी दहा दिवसांची अट तिथे अडते. मूर्ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जातात.

कातळवाट

बरोबर, तिथे घरच वेगळं निवडायचं. बहुतेक कुटुंबांत गणपती मूळ घरात बसतो, बाकीच्या भावांची घरं त्या दिवसांत फक्त झोपायला लागतात. मूर्तिकारासाठी अशा घराची पडवी घ्या. मूळ घर कधीच नको. शाडूच्या मूर्तींना झड लागू नये म्हणून पडवीच्या पावसाच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधा, प्लास्टिकचा कागद लावला तर हवा कोंडते आणि मूर्ती वाळत नाहीत. शाडूचं पाणी मोरीत सोडू नका, गाळ बसून ती तुंबते. आवारात खड्डा करा.

जांभाचिरा

खर्चाचा मुद्दा राहिला. सातबारा_वाचक यांनी कलम ५२ सांगितलं, त्याच कायद्याचं कलम ६० महत्त्वाचं आहे ना? मालकाच्या परवानगीने जागा घेऊन कायम स्वरूपाचं बांधकाम खर्च करून केलं, तर परवाना सहज रद्द होत नाही.

सातबारा_वाचक

हो, आणि म्हणूनच तसं बांधकाम करायचं नाही. काही मंडळं मुद्दाम लादी बसवतात, शौचालय बांधतात, म्हणजे मालकाला काढता येणार नाही. हे मला चूक वाटतं. एका गावात असं झालं की आसपासच्या पाच गावांतल्या किल्ल्या बंद होतात. जे लावाल ते स्क्रूचं, उचलता येईल असं. छपराची दुरुस्ती हा अपवाद, कारण ती घर वाचवते. ती केली तर खर्चाची यादी मालकाची सही घेऊन जोडा, आणि "या खर्चापोटी जागेवर हक्क नाही, मोबदल्यातून वळता" असं लिहा.

ओटीवरचा_दिवा

देवघराचं काय? आणि प्रवेशाचं?

कातळवाट

देवघर आणि मालकाच्या सामानाची खोली मालकाच्या कुलपात. त्यांची चावी तुमच्याकडे नकोच. गळती झाली तर कळावं म्हणून दारावर जाळीची खिडकी असेल तर ती उघडी ठेवा.

प्रवेशाचं मी स्पष्ट सांगतो. सार्वजनिक वापर म्हटल्यावर गावातल्या सगळ्या वाड्या आल्या. "कुठल्याही वाडीच्या, कुठल्याही जातीच्या माणसाला मज्जाव नाही" हे वाक्य करारात हवं, आणि ते मालकाला वाचून दाखवून मग सही घ्या. त्याला ते मान्य नसेल तर दुसरी जागा बघा. नंतर दारात कुणाचा तरी अपमान होण्यापेक्षा हे बरं.

खाजणकाठ

विहिरीचंही लिहा कुणीतरी. बंद घराची विहीर तशीच वापरतात लोक.

जांभाचिरा

आधी पूर्ण उपसा, गाळ काढणं, मग ब्लीचिंग. विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघा. विझला तर आत माणूस उतरवायचा नाही. पेटता राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. पाण्याचं माप : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, सगळं मीटरमध्ये. येतात ते घनमीटर. तीन मीटर व्यास आणि अडीच मीटर पाणी म्हणजे साधारण १७,६०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे सुमारे ४४ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत खोलवर सोडा. तासाभराने वापरा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर घेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर हवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी झरझर जातं, त्यामुळे जागा असेल तर याच्या दुप्पट ठेवा.

सातबारा_वाचक

ताबा घेताना आणि देताना एकच कागद दोनदा भरा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो, छपराचे आतून दोन, मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, फुटलेल्या कौलांची संख्या, विहिरीवरचा दोर-कप्पी-पंप. दोन्ही बाजूंच्या सह्या, एक साक्षीदार शेजारचा. गुढीपाडव्याला ताबा घेतला तर पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत मालकाला छपराचे फोटो पाठवा, मागायची वाट न बघता.

ओटीवरचा_दिवा

किल्ली परत मालकाच्या हातात द्यायची की शेजाऱ्याकडे ठेवायची? मालक मुंबईला असेल तर?

सातबारा_वाचक

करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच हातात. येणं जमत नसेल तर त्याने लेखी नेमलेल्या माणसाकडे, पावती घेऊन. आणि मालकाचं जुनं कुलूप तेल घालून जपून ठेवलेलं असतं ना, तेच परत लावा. तुमचं कुलूप दारावर राहिलं तर ताबा तुमच्याकडेच राहिला असं कुणीही म्हणू शकतं.